काळ्या काचेतला शुक्र

शनिवार, १४ जानेवारी १९५६. संक्रांत.

हे गेले त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं होतं. मी दोन हंडे आणि पिंप भरलं, शेगडीतली राख काढली, पितळेची भांडी चिंचेने घासून गॅलरीत उन्हात उपडी घातली आणि डाळ निवडायला बसले, तर हे मोरीच्या दारात उभे. बोटं काळी. म्हणाले, "घरात खडीसाखर आहे का गं?"

"आहे, पण देवापुढची आहे."

"देवाला सांग, तोंड बघायला आरसा करून देतो."

दुर्बिणीच्या आरशाला चांदी चढवायला साखर लागते. मी वाटीतले खडे काढून दिले. मग पोळ्या केल्या, डबा भरला. हे डबा घेऊन गिरगावातल्या ब्लॉकच्या कारखान्यात गेले. तिथे चित्रांचे फोटो काढून छपाईचे ठसे बनवतात, हे कॅमेऱ्यावर होते. दुपारी तिथेच छातीत कळ आली. संध्याकाळी घरी आणलं. शेवटची अंघोळ घालताना माणसांनी बोटं खूप घासली. चांदीच्या पाण्याचे डाग निघत नाहीत. मी म्हटलं, राहू द्या.

त्यानंतरची ही तिसरी संक्रांत. आज तिळगुळाचा पाक करताना ती सकाळ डोळ्यांपुढे आली आणि पाक पुढे गेला. वड्या दगडासारख्या झाल्या. मृणाल म्हणाली, "आई, या वड्या खालच्या लवूला दे. मोर्च्यात कामाला येतील."

नोव्हेंबरात फाउंटनला गोळ्या चालल्या तेव्हापासून असल्या थट्टेला मला हसू येत नाही.

मृणालिनी आमची एकुलती. कॉलेजात सायन्सला आहे आणि ह्यांचं अर्धं राहिलेलं काम तिने हातात घेतलं आहे. ते काम शुक्राचं. मी शाळेत गेले नाही, फळ्यांवर अंथरायला ह्यांनी आणलेली छपाईची रद्दी वाचत वाचत शिकले, तेव्हा मला समजलं तसं लिहिते. दुर्बिणीतून पाहिला तर शुक्र सोललेल्या अंड्यासारखा दिसतो. नुसता पांढरा. सगळा ग्रह ढगांनी झाकलेला, आणि त्या ढगांत डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. पण जांभळ्या रंगाच्या पलीकडे एक उजेड असतो. तो आपल्याला दिसत नाही, फोटोच्या काचेला दिसतो. त्या उजेडात फोटो काढला तर त्याच ढगांवर काळे पट्टे उमटतात. बाकीचा उजेड अडवायला दुर्बिणीच्या तोंडाशी एक काळी काच बसवावी लागते. ती आम्हाला लवूने दिली. तो खालच्या मजल्यावर राहतो, गिरणीत रंगखात्यात आहे. कापडावरचे डाग शोधायच्या दिव्याची काच फुटली, त्यातला तुकडा त्याने ह्यांना आणून दिला होता. डोळ्याला लावली तर निव्वळ अंधार. दुसरा तुकडा नाही.

ह्यांचा प्रश्न एवढाच होता की तो काळा पट्टा फिरून पुन्हा येतो, की दरवेळी नवाच असतो? त्यासाठी लागोपाठचे दिवस हवेत. आणि आमच्या गच्चीभोवती तर नुसत्या गिरण्यांच्या चिमण्या. धुरात तो पलीकडचा उजेड मरतो. ह्यांना लागोपाठ दोन दिवससुद्धा कधी मिळाले नाहीत. जेवताना मी एकदा म्हटलं होतं, "गेलेलं परत येत नाही, एवढं मला न शिकता कळतं." हे हसले. म्हणाले, "इथलं तुझं बरोबर. शुक्रावरचं बघू."

समोरच्या आनंदीबाईंकडे आज हळदीकुंकू होतं. मला बोलावणं नसतं. हे होते तेव्हा या दिवसांत मी संध्याकाळभर कोणाकोणाच्या घरी वाण लुटत असायची आणि हे गच्चीवर एकटे. आता वर जायला मी मोकळी आहे. आज गेले. शुक्र धुरात विटकरी दिसत होता. फोटोची काच फुकट गेली.

सोमवार, १६ जानेवारी.

दिल्लीहून रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. केंद्राकडे राहणार. आनंदीबाईंच्या दारात सगळी गॅलरी जमली होती. मग खालून कोणीतरी थाळी बडवायला लागलं आणि सगळ्या चाळींतून तो आवाज उठला.

लवू जिन्यात भेटला. "काकी, उद्या गिरणी नाय. कोणाचीच नाय."

"तू घरात बस," मी म्हटलं.

"घरात बसान बसान मुंबय गेली आमची."

मंगळवार, १७ जानेवारी.

पहाटे भोंगा झाला नाही. लग्न होऊन या खोलीत आले तेव्हापासून भोंग्याशिवाय मी कधी उठले नाही. डोळे उघडले तर उजाडलेलं. वाटलं, काहीतरी मेलं आहे.

दुपारी मृणाल गच्चीवरून धावत खाली आली. तिचा चेहरा असा, की मला आधी वाटलं मुंबई दिली. "आई, वर चल. वर चल लवकर."

एकाही चिमणीतून धूर नाही. आकाश निळं, धुऊन काढल्यासारखं. आमच्या गावी दसऱ्याला असायचं तसं. खाली नाक्यावर पोरं दगड गोळा करत होती, टायर जळत होता, आणि ही वर बघून टाळ्या वाजवते. मला तिची लाज वाटली आणि भीतीही. इतक्या आनंदाची भीती वाटते.

"आई, हे बाबांना एकदासुद्धा मिळालं नाही."

संध्याकाळी तिने फोटो काढले. जाताना धुतलेली गोधडी बरोबर घेऊन गेली. मी म्हटलं, मागच्या आठवड्यातच धुतली होती ना? म्हणाली, वास येत होता. गच्चीच्या रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातली. संध्याकाळी दव पडतं, गोधडी कशी वाळेल, हे कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा नाक्यावर चिटपाखरू नव्हतं. जरा वेळाने लालबागच्या बाजूला गोळ्यांचे आवाज झाले. फटाक्यासारखे नसतात ते. कोरडे असतात. मी जिन्यात उभी राहून तिला हाका मारत होते.

बुधवार, १८ जानेवारी.

मोरीला चादर लावून मृणालने कालची फोटोची काच धुतली. सुकल्यावर उजेडात धरली. शुक्र मसुराएवढा, आणि त्याच्या पोटात एक वाकडी काळी रेघ. आडवी पडलेली, एका टोकाला दोन फाटे फुटलेली.

मी म्हटलं, "आरशावरचा डाग असेल. माझ्या भांड्यांवर पण असे उठतात."

"म्हणून तर दोन फोटो काढले. दुसऱ्या वेळी दुर्बिणीची नळी फिरवून काढला. आरशावरचा असता तर नळीबरोबर फिरला असता. नाही फिरला. तो तिथलाच आहे, आई."

मी बराच वेळ ती काच बघत होते. डोळ्याला जो गुळगुळीत दिसतो त्याच्या अंगावर हे सगळं आहे.

आज संचारबंदी. पलीकडच्या चाळीत एक माणूस खिडकी लावायला उठला आणि त्याला गोळी लागली, असं म्हणतात. माणूस गेला. कोणी पाहिलं, कोणी नाही, पण सगळ्यांनी खिडक्यांना गाद्या लावल्या आहेत.

मी मृणालला म्हटलं, "आज वर जायचं नाही. जायचंच असलं तर अंधार पडल्यावर जा."

"अंधारात उपयोग नाही. तोवर शुक्र खाली उतरतो. खालची हवा जाड, त्यात तो उजेड राहतच नाही. सूर्य बुडायच्या सुमारालाच काढावा लागतो."

"म्हणजे गच्चीवरचं माणूस सगळ्या गावाला दिसतं तेव्हाच."

"हो."

"आणि ती पत्र्याची नळी बंदुकीसारखी दिसते."

"बंदूक एवढी जाड कुठे असते गं? तोफेसारखी म्हण."

गेली. दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या आड आहे, तिथे बसलं तर रस्त्यावरून दिसत नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण मग उठून गोधडी सारखी करत का होती? मी दोनदा ओरडले, खाली वाक म्हणून. आनंदीबाई दारातून म्हणाल्या, "कालिंदी, तरणी पोर आहे. बापाची हौस पुरवायला तिचा जीव घालवशील. आई आहेस की कोण?"

रात्री ती झोपल्यावर मी काळी काच काढून तांदळाच्या डब्यात खाली पुरली.

गुरुवार, १९ जानेवारी.

लिहवत नाही.

शुक्रवार, २० जानेवारी.

काल काय झालं ते लिहिते.

काच नाही म्हणजे फोटो नाही, फोटो नाही म्हणजे मृणाल खाली राहील, असा माझा हिशेब होता. तिने काच शोधली नाही. मला विचारलंही नाही. दुपारचं जेवली, लवू दारात आला, "ताई, गोधडी घालतलंस मा?" म्हणाला. मला त्या पोराचा राग आला. माणसं मरत आहेत आणि याला आमच्या गोधडीची पडली आहे. ही उठली, गोधडी घेतली आणि वर गेली.

मी शेगडी पेटवत होते. आवाज अगदी जवळ झाला. एक, आणि मग दोन लागोपाठ. जिना कसा चढले आठवत नाही. ती दोरीखाली बसली होती, तोंडावर दोन्ही हात, आणि बोटांतून रक्त. ती काळी डागाळलेली बोटं आणि त्यांच्यातून लाल. मला वाटलं, डोळा गेला. नंतर वाटलं, डोळा गेला तरी चालेल.

गोळी तिला लागली नव्हती. कठड्याला लागली. सिमेंटची कपची उडून भुवईत घुसली. मी तिला ओढत खाली आणलं, हळद दाबून धरली, आनंदीबाईंनी स्वतःचं धुतलेलं लुगडं फाडलं. संचारबंदीत डॉक्टर कोण आणणार? रात्रभर डोळा सुजत गेला. मी तिच्या उशाशी बसून होते. दर खेपेला कुठे आवाज झाला की मी तिच्या अंगावर वाकायची. ती म्हणायची, "आई, भिंत आहे. भिंतीतून येत नाही." माझं अंग काही ऐकत नव्हतं.

आज दोन तास मोकळीक मिळाली तेव्हा लवूने डॉक्टरांना आणलं. कपची काढली. डोळा शाबूत आहे, पण आठ दिवस पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यालाही ताण द्यायचा नाही, वाचायचं नाही, बारीक बघायचं नाही. डॉक्टर जाईपर्यंत मी उभी होते. मग मोरीत जाऊन रडले.

लवू दारातून हलेना. "काकी, चूक माझी. मी ताईक सांगूक नको होता."

"तुझी कसली चूक? काच मी लपवली. काच असती तर ती टाकीच्या आड दुर्बिणीशी बसली असती. दोरीपाशी उभी कशाला राहिली असती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मृणाल आतून म्हणाली, "लवू, तू जा आता."

तो गेल्यावर मी तिला सांगून टाकलं. "काच तांदळाच्या डब्यात आहे."

"माहीत आहे. काल सकाळी भात करताना तू डबा पुढ्यातच घेऊन बसली होतीस."

"मग घेतली का नाहीस?"

"तू ठेवली होतीस ना."

"आणि मग वर कशाला मरायला गेलीस?"

तिने डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "गोधडी वाळली का बघायला."

त्या गोधडीला काडी लावावीशी वाटली मला.

संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं डोळा दुखतो आहे. मग म्हणाली, "उद्या चौथा दिवस."

"कशाचा?"

"मंगळवार सोडून मोजला तर. बाबांच्या सुट्यासुट्या फोटोंवरून मी जुळवत होते. पट्टा परत येत असेल तर चौथ्या दिवशी येतो. म्हणजे उद्या. सोमवारी गिरण्या चालू होणार म्हणतात. मग धूर."

तिने मला जा म्हटलं नाही. मी जाते म्हटलं नाही. मला जिना चढायची कल्पनासुद्धा सोसत नाही. कठड्याचा तो तुटलेला तुकडा मी बघितला आहे. माझ्या कमरेच्या उंचीवर आहे.

ती झोपल्यावर तांदळातून काच काढली, पदराने पुसली.

सोमवार, २३ जानेवारी.

आज पहाटे एका गिरणीचा भोंगा झाला. थोडा धूर आहे. शनिवारचं आणि रविवारचं लिहायचं राहिलं आहे.

शनिवारी सकाळी मी मृणालला विचारलं, "दुर्बिणीचं झाकण किती वेळ काढायचं?" ती उठूनच बसली. पट्टीखालून तिच्या गालावर पाणी आलं. म्हणाली, "श्वास घ्यायचा, रोखायचा, झाकण काढायचं. पोटात कळ आली की झाकण लावायचं. बाबा असंच करायचे." दिवसभर तिने मला शिकवलं. दिवाणावर लाटणं ठेवून ते दुर्बीण समजायचं. आधी काचेशिवाय शुक्र मधोमध आणायचा. मग काळी काच सरकवायची. त्यानंतर काही दिसत नाही, हात हलू द्यायचा नाही आणि विश्वास ठेवायचा की तो तिथेच आहे.

"आणि आई, वर जाताना गोधडी घेऊन जा."

"पुन्हा गोधडी?"

"गच्चीवर बाई कशाला आली, असं कोणी म्हटलं तर? वाळत घालायला आली. रस्त्याकडच्याच दोरीवर घाल. खाली वाकून घाल आणि लगेच टाकीआड जा."

हे मला पटलं. मृणाल हुशार आहे. कुंकू नसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईकडे तसंही कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पहिल्यांदाच मला त्याचा आधार वाटला.

ऊन पिवळं झालं तेव्हा गेले. ओल्या गोधडीचं ओझं, पायऱ्या संपेनात. नाक्यावर पोरांचा जमाव होता, घोषणा चालल्या होत्या. मी गोधडी दोरीवर टाकली आणि गुडघ्यांवर रांगत टाकीआड गेले. म्हातारी बाई रांगते आहे हे कोणी बघितलं तर काय म्हणेल, हे पण मनात आलं. घोषणा एकदम बंद झाल्या, पोरांची पळापळ ऐकू आली. मला वाटलं, मला बघितलं. मग गाडीचा घुरघुर आवाज आला, परळकडून. थांबला. बूट वाजले. मी दुर्बिणीच्या पायांना धरून बसले होते. हे पाय जुन्या शिवणयंत्राचे आहेत, ह्यांनी चोरबाजारातून आणले तेव्हा मी भांडले होते. बूट इकडून तिकडे गेले. कोणीतरी म्हणालं, "इधर तो कोई नहीं है." गाडी निघून गेली. आवाज एकही झाला नाही.

गाडीचा आवाज पार विरेपर्यंत मी बसून राहिले. मधल्या चिमणीच्या टोकापासून वीतभर डावीकडे, मोजायची ही ह्यांचीच रीत. शुक्र सापडला. मधोमध आणला. एवढा पांढरा, एवढा शांत. काच सरकवली आणि अंधार झाला. श्वास घेतला, रोखला. मला पोटात कळ आधीपासूनच होती, तेव्हा ती नवी कळ कोणती हे ओळखायला वेळ लागला. झाकण लावलं. मृणालने सांगितलं होतं तसं नळी फिरवून पुन्हा एकदा. मग खाली आले आणि भात लावला.

लवू आला आणि एकदम माझ्या पायाच पडला. "काकी, गोधडी वेळेवर घातलास. दहा-बारा पोरां होती आमची थंय."

मी म्हटलं, "अरे, मी कसली वेळेवर? भीतीने उशीरच केला." आनंदीबाई त्याच्याकडे बघून पदराआड हसल्या. सध्या सगळ्यांचीच डोकी ठिकाणावर नाहीत.

फोटोची काच मी धुतली, मृणालने चादरीबाहेरून तोंडी सांगितलं तशी. सुकली तेव्हा तिने पट्टी नसलेल्या डोळ्याने बघायचा हट्ट धरला. मी दिली नाही. आधी मीच बघितली. मंगळवारची काच शेजारी धरली.

वाकडी रेघ. आडवी पडलेली. एका टोकाला दोन फाटे. थोडी कलली होती, एक फाटा जाड झाला होता, पण मी माझ्या माणसाची चाल पाठमोरी ओळखते तशी ओळखली.

"परत आला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कोणा दुसऱ्याचा वाटला.

मृणालने काचेसाठी हात पुढे केला. तिची काळी बोटं माझ्या काळ्या बोटांवर होती. दोन दिवसांपूर्वी रात्री तिच्या उशाशी बसून मी देवाला म्हटलं होतं, ही वाचली तर दुर्बीण समुद्रात टाकीन. ते आठवलं. देवाशी नंतर बोलेन.

मग ती म्हणाली, "एकदा दिसलं म्हणजे खरं झालं असं नाही, आई. योगायोग असेल. बुधवारच्या काचेला पण जोड हवी. तिच्यात पट्टा वेगळा आहे, वर सरकलेला. तोही परत आला तर मग..."

"बुधवारचा चौथा दिवस कधी?"

"उद्या."

रात्रभर गोळ्यांचे आवाज लांबून येत होते. मी जागीच होते. मला पूर्वीएवढीच भीती वाटत होती. कमी झाली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

रविवारी दुपारी बघितलं तर गोधडी खडखडीत वाळली होती. ती मी पुन्हा भिजवली आणि वाळत घालायला गच्चीवर गेले.